एका पाण्यात कोण कोण?

शाळेच्या प्रयोगशाळेत माशांची काचपेटी ठेवायचे ठरले की पहिला प्रश्न पैशांचा येतो. तो कसाबसा सुटला की दुसरा येतो आणि तो अधिक अवघड असतो : पेटीत सोडायचे कोणाला? नागपूरच्या दक्षिण अंगाला बेसा हे एके काळचे शेतीचे गाव. आज तेथे घरांच्या रांगा आहेत, शाळा आहेत आणि शोभेच्या माशांची हौसही आहे. अशा वस्तीतल्या कोणत्याही दुकानात एका पेटीत सापासारखे लांबट, वाळूतून फक्त नाक बाहेर काढून बसलेले ‘ईल’ दिसतात. शेजारच्या पेटीत रंगीत, रुबाबदार आणि सतत एकमेकांवर धावून जाणारे सिक्लिड. मुलांना दोन्ही हवे असतात. ‘हे एकत्र राहतील का?’ या प्रश्नावर दुकानदाराचे उत्तर तयार असते. पलीकडच्या दुकानदाराचेही उत्तर तयार असते, फक्त ते नेमके उलटे असते.

हौशी लोकांसाठी याचे छापील तक्तेही मिळतात. आडव्या-उभ्या रांगांत माशांची नावे आणि चौकटींत बरोबरची खूण किंवा फुली. जणू ‘जमवून घेणे’ हा लांबी किंवा रंगासारखा त्या जातीचा कायमचा गुणधर्मच! हा तक्ता एवढा फसवा का आहे, हे समजून घ्यायचे तर ‘एका पाण्यात कोण कोण राहू शकेल’ या प्रश्नाचा इतिहास पाहावा लागतो. तो लंडनमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाच्या घरी सुरू होतो आणि फिरत फिरत आपल्या विदर्भातल्या तलावांपर्यंत येतो.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. दुकानात ज्याला ईल म्हणतात तो बहुधा खरा ईल नसतो. तो आपल्या नद्या-तलावांतला वाम किंवा त्याचा आग्नेय आशियातून आलेला भाऊबंद असतो. वामच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. हातात धरणाऱ्याला ती लगेच कळते. आपल्याकडचा मोठा वाम, मास्टासेम्बेलस आर्मेटस, 90 सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. दुकानात तो वीतभर दिसतो, ही गोष्ट तेथे कोणी सांगत नाही. खरा ईल म्हणजे आपला अहीर. तो समुद्रात जन्मतो, पिल्लूपणी गोदावरी-कृष्णेसारख्या नद्यांतून वर चढतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात राहतो आणि वीण करण्यासाठी पुन्हा समुद्राकडे जातो. या ईलांच्या जन्माचे कोडे सुटायला फार काळ लागला. ॲरिस्टॉटलला ते चिखलातून उपजतात असे वाटत होते. मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड विद्यार्थी असताना 1876 साली त्रिएस्त येथे सुमारे 400 ईल चिरून त्यांची वृषणे शोधत बसला होता! पण तो वेगळ्याच लेखाचा विषय. आपल्याला एवढेच पुरे की वाम आणि अहीर यांचे नाते दिसते तेवढे जवळचे नाही. लांबट शरीर हा दोघांनी स्वतंत्रपणे काढलेला मार्ग आहे, चिखल, कपारी आणि मुळ्यांच्या जाळ्यात शिरण्यासाठी.

आता लंडनला जाऊ. रॉबर्ट वॉरिंग्टन हा तेथील औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होता. काचेच्या भांड्यातले मासे थोड्याच दिवसांत मरतात, पाणी सारखे बदलावे लागते, हा सगळ्यांचा अनुभव. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात हे तोवर माहीत झाले होते. वॉरिंग्टनने 1849 साली एका मोठ्या काचपात्रात वाळू, चिखल, दगड घातले, व्हॅलिस्नेरिया ही पट्ट्यासारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. काही काळ सारे ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने पाणी बदलले नाही. त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले, पाणी निवळले; शिवाय गोगलगाईंची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. मार्च 1850 मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय अशा तिघांचा तो ‘समतोल’ होता.

एका पेटीत कोणाला कोणाबरोबर ठेवायचे, याचे हे पहिले शास्त्रीय उत्तर. ते रसायनशास्त्राचे होते. एकाची घाण दुसऱ्याचे अन्न व्हावी, एकाने सोडलेला वायू दुसऱ्याने घ्यावा. या विचाराने सारे युरोप भारावले. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले आणि दिवाणखान्यात काचपेटी ठेवण्याची लाटच आली.

समतोलाच्या या हिशेबात एक भागीदार मात्र नजरेतून सुटला होता, कारण तो दिसत नव्हता. मासे अमोनिया टाकतात आणि अमोनिया त्यांनाच विषारी असतो. वाळूवर व दगडांवर राहणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणून तर जुनी, ‘बसलेली’ पेटी नव्या पेटीपेक्षा माशांना मानवते. हे काम दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या प्रकारचे जीवाणू करतात, हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो या वॉरिंग्टनचा मुलगा. रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात शेतातल्या मातीचा अभ्यास करताना त्याने ते शोधले. बापाच्या पेटीतले न सुटलेले गणित मुलाने शेतात सोडवावे, असे योग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच येतात. ते जीवाणू वेगळे काढण्याचे श्रेय पुढे 1890 च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याला मिळाले.

लंडनच्या गणिताला नागपुरात एक दुरुस्ती लागते. 20 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 35 अंशांना तो 7 मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे मासा उष्णतेने अधिक श्वास घेऊ लागतो, तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी असतो. मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरातल्या बंद वर्गात ठेवलेली पेटी जानेवारीत जेवढे मासे पोसते तेवढे मेमध्ये पोसत नाही. छापील तक्त्यात हा महिन्यांचा रकाना नसतो.

सोनमासा शांत जातीचा, म्हणून वॉरिंग्टनचे भागले. रसायनाचा हिशेब जमूनही पेटीत खून पडू शकतात, हे सिक्लिडांनी दाखवले.

सिक्लिड हे मुख्यतः आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे कुल. भारतात त्यांच्या अवघ्या तीन मूळ जाती आहेत. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे केरळात करिमीन आणि गोव्याकडे काळुंदर म्हणून आवडीने खाल्ला जाणारा मासा, इट्रोप्लस सुराटेन्सिस. बर्लिनच्या मार्कुस ब्लॉख नावाच्या डॉक्टरने 1790 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्यात सुरतेचे नाव घातले. मासा खाडीच्या मचूळ पाण्यात आणि गोड्या पाण्यातही राहतो. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे जेमतेम 8 सेंटिमीटरचा, केशरी-पिवळा, दोन्ही बाजूंना काळा ठिपका असलेला इट्रोप्लस मॅक्युलेटस. (अलीकडे त्याच्या प्रजातीचे नाव बदलून स्यूडेट्रोप्लस झाले आहे.) दुकानात तो ‘ऑरेंज क्रोमाइड’ म्हणून मिळतो. या धाकट्याने वर्तनशास्त्राच्या इतिहासात मानाची जागा मिळवली आहे, आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांना त्याची दखल नाही, हे खटकते.

सिक्लिडांचे वैशिष्ट्य म्हणजे संततीची राखण. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड जोडीने हद्द आखतात, दगड साफ करतात, अंड्यांवर पाण्याचा झोत मारत राहतात, पिलांचा थवा सांभाळतात. आपल्या इट्रोप्लसची पिले तर आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टिपून खातात. पण एवढी माया म्हटली की तिच्या कुंपणाबाहेरच्यांशी वैर आलेच! विणीच्या दिवसांत सिक्लिड आपल्याहून मोठ्या माशावरही धावून जातो. तळ्यात पळायला जागा असते. काचपेटीत हरलेला मासा कोपऱ्यात अडकतो, आणि जिंकणाऱ्याला तो समोर दिसतच राहतो.

पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ याला सिक्लिडांचे फार वेड. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील पुस्तकात त्याने एक मजेदार निरीक्षण नोंदवले आहे. एका मोठ्या पेटीच्या मध्यभागी काच बसवून दोन्ही बाजूंना सिक्लिडांची एकेक जोडी ठेवली, तर दोन्ही संसार सुखात चालतात. नर काचेपलीकडच्या नरावर दात खातो आणि घरात शांत राहतो. मधल्या काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला की तोच नर आपल्या मादीला त्रास देऊ लागतो. काच पुसली की पुन्हा शांतता. लोरेन्झने यातून असा निष्कर्ष काढला की आक्रमकता आत साठत जाते आणि तिला वाट लागतेच.

हे खरे का, हे तपासण्यासाठी ॲन रासा या संशोधिकेने आपला केशरी इट्रोप्लस निवडला. 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रयोगात जातभाईंपासून पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या जोड्यांमध्ये घरातली भांडणे वाढली आणि विणीचे यश घटले. लोरेन्झच्या बाजूचा हा पुरावा. पण 1972 मध्ये हायलिगेनबर्ग आणि क्रेमर यांनी आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका सिक्लिडवर प्रयोग केले, तेव्हा वेगळे ठेवल्यावर नराची हल्ला करण्याची वृत्ती वाढण्याऐवजी मंदावत गेली आणि प्रतिस्पर्धी नराची प्रतिमा दाखवल्यावर पुन्हा वाढली. साठणाऱ्या पाण्याची उपमा त्यामुळे टिकली नाही. आज वर्तनशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. लोरेन्झचा निष्कर्ष गेला, निरीक्षण मात्र राहिले : मासा पेटीतल्या सोबत्याशी कसा वागेल हे त्याला आणखी कोण दिसते आहे यावरही ठरते. विज्ञान शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडते, कारण निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मुलांना येथे डोळ्यांनी दिसते.

1972 सालीच रिचर्ड वायमन आणि जॅक वॉर्ड या अमेरिकी संशोधकांनी आपल्या दोन इट्रोप्लसांची आणखी एक गंमत प्रसिद्ध केली. लहान केशरी मासा मोठ्या काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. काळुंदर त्यासाठी जणू उभा राहतो. म्हणजे हे एकमेकांचे उत्तम सोबती झाले. पण हाच केशरी मासा काळुंदराची अंडी आणि पिलेही खातो! मग तक्त्यात या चौकटीत खूण करायची की फुली? एरवी वैद्य, विणीच्या हंगामात चोर. दोन्ही खरे आहे आणि ऋतू कोणता यावर ते अवलंबून आहे.

ईल आणि सिक्लिड यांच्याबद्दल विचारणाऱ्याला निसर्गातले एक उदाहरण देता येते. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात सिक्लिडांच्या 200 हून अधिक जाती आहेत आणि त्याच खडकांच्या कपारीत वामच्या कुळातल्या, जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या अनेक जाती राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे. ई. एस. मूर यांनी तेथून आणलेल्या माशांचे वर्णन लंडनच्या संग्रहालयात जॉर्ज बूलेंजर यांनी केले, तेव्हापासून ही शेजारसंगत माहीत आहे. म्हणजे त्यांचे जमते. पण ते सरोवर सुमारे 670 किलोमीटर लांब आणि जवळपास दीड किलोमीटर खोल आहे. शाळेतली तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटी काठोकाठ भरली तरी तिच्यात 130 लिटर पाणी मावते. सरोवरातला वाम दिवसा कपारीत असतो. पेटीत कपार नसेल तर तो दिवसभर सिक्लिडांच्या अंगणात पडलेला असतो. रात्री पारडे फिरते. सिक्लिड निपचित असतात आणि वाम नाक हुंगत अंड्यांपर्यंत पोचतो. शिवाय दिवसा टाकलेले सारे खाद्य सिक्लिड फस्त करतात, त्यामुळे वाम उपाशी राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘आपोआप’ मरतो. या मरणाला भांडण म्हणत नाहीत, म्हणून तक्त्यात तेही नसते.

येथवर काचपेटीची गोष्ट झाली. आपल्या विदर्भात हाच प्रश्न शेकडो एकरांच्या पाण्यात विचारला गेला आणि त्याचे उत्तर चुकले तर ते पाणी बदलून सुधारता येत नव्हते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने आणि इतरांनी गोंड राजवटीपासून बांधलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारांच्या ताब्यात होते म्हणून ते मालगुजारी तलाव, बोलीत मामा तलाव. नवेगाव बांध हे त्यांतले प्रसिद्ध नाव. मूळ उद्देश धानाला पाणी देण्याचा. मासे हा जोडलाभ, आणि ते धरणारे मुख्यतः ढिवर. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांतून जे चढून येईल ते तलावात राहायचे : मरळ, वाम, शिंगाडा, कितीतरी लहान मासे. सोबती निवडण्याचा प्रश्नच नव्हता. पाऊस निवडत होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. देशभर अन्नाची टंचाई होती आणि प्रत्येक पाण्यातून अधिक प्रथिने काढायची हे धोरण ठरत होते. त्या काळाच्या निकडीकडे पाहता या धोरणाला आज सरसकट दोष देणे मला योग्य वाटत नाही.

बंगालच्या पोखरांत कटला, रोहू आणि मृगळ एकत्र वाढवण्याची रीत जुनी. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ उकरतो. एकच पाणी, तीन मजले, तीन भाडेकरू. अडचण बियाण्याची होती. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून पुराच्या वेळी नदीतून अंडी-पिले गोळा करावी लागत. त्यांत हव्या त्या जातींबरोबर नको त्याही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन कार्प माशांची वीण घडवून आणली. यानंतरच शुद्ध बियाणे मिळू लागले, म्हणजेच पाण्यात कोण असावे हे माणसाला खऱ्या अर्थाने निवडता येऊ लागले. त्याच सुमारास परदेशी भाडेकरूही आले : 1957 मध्ये बँकॉकहून सायप्रिनस, 1959 मध्ये हाँगकाँगहून गवत्या आणि जपानहून चंदेरा. 1971 पासून सहा जातींच्या या संमिश्र मत्स्यसंवर्धनाचे देशव्यापी प्रयोग झाले. उत्पादन अनेक पटींनी वाढले, हे मान्य केले पाहिजे.

पण सोबती निवडायचे म्हणजे बाकीच्यांना बाहेर काढायचे. शिफारस अशी होती : बीज सोडण्यापूर्वी तळ्यात मोहाची पेंड टाकावी, हेक्टरी सुमारे 2500 किलो. पेंडीतल्या सॅपोनिनमुळे माशांच्या रक्तपेशी फुटतात आणि काही तासांत सारे मरून वर येतात. दोन-तीन आठवड्यांत विष ओसरते आणि पेंडीचे खत होते. ‘भक्षक आणि निरुपयोगी’ म्हणून मारायच्या यादीत मरळ होता आणि वामही होता. ज्या मोहावर विदर्भातल्या कितीतरी कुटुंबांचे पोट चालते, त्याच मोहाने येथले मूळचे मासे तळ्यातून हटवावेत, हा योग विचित्र खरा. लहान तळ्यात ही पद्धत शास्त्रशुद्धच आहे. मोठ्या जुन्या तलावांनाही तोच मत्स्यशेतीचा विचार लावला गेला, तेव्हा घोटाळा झाला. कारण त्या तलावात ढिवराच्या घरी रोज शिजणारे लहान मासे ‘निरुपयोगी’ नव्हते.

आणि याच काळात एक सिक्लिड आला. मोझांबिकचा तिलापिया, आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ज्याला चिलापी म्हणतात तो, ऑगस्ट 1952 मध्ये बँकॉकहून मंडपमच्या संशोधन केंद्रात आणला गेला. लगेच श्रीलंकेहून मद्रासलाही. गुण उत्तम होते : काहीही खातो, गढूळ पाण्यात तगतो, मादी अंडी-पिले तोंडात सांभाळते म्हणून मर फार कमी. काचपेटीत सिक्लिडांचे वेड लावणारे सगळे गुण येथे धोका ठरले. दोन-तीन महिन्यांचा तिलापिया विणीला लागतो. थोड्याच काळात तळे बोटभर माशांनी भरते, अन्न वाटले जाते आणि कोणीच धड वाढत नाही. ना ते, ना त्यांचे सोबती. 1959 मध्ये देशाच्या मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. सात वर्षांत धोका ओळखला, ही संशोधकांच्या बाजूने जमेची गोष्ट. पण तोवर मासा पाण्यात होता आणि पाणी कागद वाचत नाही. राजस्थानातल्या जयसमंद तलावात त्याच्या आगमनानंतर कार्प माशांचे सरासरी वजन घटल्याच्या नोंदी आहेत. आपल्या उजनी जलाशयात आज जाळ्यात येणाऱ्या माशांत चिलापीचा वाटा फार मोठा आहे. गंमत अशी की त्यावर आज अनेक मच्छीमारांचे घर चालते, त्यामुळे त्याला नुसते खलनायक ठरवूनही भागत नाही. अलीकडे सुधारित, फक्त नर असलेल्या तिलापियाच्या शेतीला सरकारने अटींसह परवानगी दिली आहे.

तिलापिया सरकारी मार्गाने आला. पुढचे पाहुणे दुकानांच्या मार्गाने येत आहेत. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे. तो पेटीत फार वाढला म्हणून कोणी तरी दयाबुद्धीने ‘सोडून दिला’, हीच त्याची वाट. 2022 साली वन्यजीव संरक्षण कायद्यात सुधारणा होऊन परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणे यांवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. कायदा सीमेवर माल अडवू शकतो. वर्गातली पेटी अंबाझरीत किंवा फुटाळ्यात रिकामी होऊ नये, हे पाहणारा तेथे शिक्षकच असतो. येथे एक बारकावा मुलांना अवश्य सांगावा : केशरी इट्रोप्लस भारताचा आहे, पण नागपूरचा नाही. देशी असणे आणि त्या पाण्याचा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

भंडारा-गोंदिया भागात काही ढिवर मच्छीमार संस्थांनी गेल्या काही वर्षांत उलटा प्रवास सुरू केला आहे. तलावातली बेशरम उपटून काढायची, तळाला मूळच्या पाणवनस्पती लावायच्या, आणि मग स्थानिक मासे येऊ द्यायचे. आधी वनस्पती, मग मासे. वॉरिंग्टनने याच क्रमाने काचपात्र भरले होते, त्याचे नाव या मंडळींनी ऐकलेले नसले तरी.

मग बेसातल्या शाळेने दुकानदाराला काय सांगावे? माझे मत असे की तीन फुटांच्या पेटीत वाम आणि जोडी जमलेले सिक्लिड एकत्र ठेवू नयेत. वाम ठेवायचा तर एकच ठेवावा; तळाला खडी न घालता बारीक वाळू घालावी, कारण तो नाक खुपसून शिरतो आणि खडीने सोलवटतो. पाइपचा तुकडा किंवा खापराची कपार द्यावी. झाकण घट्ट हवे, फटीतून तो निसटतो. सोबतीला त्याच्या तोंडात न मावणारे, वरच्या थरात पोहणारे शांत मासे चालतात. गांडुळाचे तुकडे दिवे मालवल्यावर टाकावेत. सिक्लिडच हवे असतील तर केशरी इट्रोप्लस लहानपणीच सहा-सात आणून एकत्र वाढवावेत. जोडी जमली आणि ती दगड साफ करू लागली की उरलेल्यांना दुसऱ्या पेटीत हलवण्याची सोय आधीच असावी. आणि कोणतीही पेटी मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे पाणी, वाळू व वनस्पतींनिशी चालू ठेवावी, म्हणजे धाकट्या वॉरिंग्टनच्या जीवाणूंना बस्तान बसवायला वेळ मिळतो. त्या काळात खाद्याचे चार कण रोज टाकावेत, नाहीतर त्या जीवाणूंना अमोनिया मिळायचा कुठून?

मुलांना नोंदवही द्यावी. कोण कोणावर किती वेळा धावले, हे रोज ठरावीक दहा मिनिटे मोजावे. मग पेटीच्या मध्यभागी एक दगड वाढवून पुन्हा मोजावे. बाहेरून एका बाजूला आरसा लावून पुन्हा मोजावे. रासा आणि हायलिगेनबर्ग यांचा वाद वर्गात उभा करायला एवढे साहित्य पुरते. आठवीच्या मुलांनी केलेल्या मोजणीत आकडे हलतील, जुळणार नाहीत. ते तसेच लिहू द्यावेत.

एप्रिलच्या अखेरीस शाळा बंद होते आणि वीजही बंद होते. उन्हाळाभर पेटी कोणाच्या घरी राहणार, हे मासे आणण्यापूर्वी ठरवून ठेवावे.